बोलणे झाले

६ फेब्रुवारी

सापडली! एकदाची सापडली. हिरवीबाईच!

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. अक्षर नीट येत नाही, न येवो. लिहिलं नाही तर उद्या दवाखान्यात तिच्या अंगावर धावून जाईन, म्हणून लिहिते.

सोमवारपासून आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलंय. जुन्यात एकदा फॉलोअपची ओळ बंद केली की दिसेनाशी व्हायची. गेली ती गेली. नव्यात प्रत्येक पेशंटच्या नावाखाली जुन्या ओळीही उघडतात — कोणाला कशासाठी परत बोलवायचं होतं, ती ओळ कोणी बंद केली, काय कारण देऊन. सॉफ्टवेअरवाला शिकवत होता, बाकीच्या जांभया देत होत्या. मी ताईचं नाव टाकलं. सहज. खरंच सहज.

मानेवरची गाठ. सुईची तपासणी. 'अहवाल शंकास्पद. पुन्हा बोलवावे, लवकर.' आणि त्याच्यापुढे — बंद. कारण: बोलणे झाले. बंद करणारी: हिरवीबाई.

कोणाशी झालं बोलणं? ताईला फोनच आला नव्हता! मी स्वतः विचारलं होतं तिला. पाठीच्या ऑपरेशननंतर मी महिनोन् महिने आडवी होते, कूस बदलायला माणूस लागायचं, तरी आठवणीनं विचारलं होतं, तुझ्या गाठीचं काय झालं म्हणून. म्हणाली, "फोन नाही आला, म्हणजे काही नसेल. तू पड गप." माझ्या रजेत पेशंटना फोन करून बोलवायची माझी यादी ही बाई बघत होती. महिनाअखेर आली असेल, ताईची ओळ तारीख उलटून लाल झालेली दिसली असेल, बाईनं टिचकी मारली असेल. लालाचं हिरवं. कटकट मिटली!

७ फेब्रुवारी

ताईला काही बोलले नाही. ती सकाळपासून शिलाई मशीनवर होती. हल्ली तिला काही हवं असलं की ती कात्री टेबलावर आपटते. एकदा आपटली तर चहा. लागोपाठ आपटली तर भावजी कुठे तडमडलेत ते बघ.

हीच ताई! हिचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. शेजारीण म्हणायची, तुमच्या दाराला बेल कशाला हवी. ती गाठ वर्षभरानंतर काढली तेव्हा ती आवाजाच्या नसेला धरून बसली होती. गाठीबरोबर नस गेली, नसेबरोबर आवाज. आता नुसती कुजबुज उरलीय आणि तीही दोन-चार शब्दांत दमते. "आधी आणलं असतं तर," एवढं म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी पुढचं वाक्य गिळलं होतं. ते गिळलेलं वाक्य मला अजून पचलेलं नाही.

भावजी बिचारे तिच्याशी ओरडून बोलतात. आवाज तिचा गेलाय, कान शाबूत आहेत — पण त्यांना सांगणार कोण! ती कपाळावर हात मारून घेते आणि हसते. त्या हसण्यालाही आवाज नसतो.

बोलणे झाले म्हणे. ताईचं बोलणं झालंच. कायमचं.

नाही सोडणार.

९ फेब्रुवारी

हिरवीबाई हे नाव माझंच. तोंडावर मॅडम, आमच्या खोलीच्या प्रमुख. आमच्या खोलीत भिंतीवर टीव्हीसारखा मोठा पडदा आहे. ज्यांना बोलवायचंय त्यांचे नंबर पिवळे, ज्यांची तारीख उलटली त्यांचे लाल, ज्यांचं काम संपलं त्यांचे हिरवे. बाई सकाळी आल्या की आमच्याकडे बघत नाहीत, पडद्याकडे बघतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मोठे डॉक्टर येतात, त्यांना पडदा हिरवागार लागतो. त्याआधी दोन दिवस ही बाई आमच्या मानेवर बसते. "अगं, ती लाल ओळ कुणाची? फोन कर. बोल. बंद कर."

बोल आणि बंद कर! या सॉफ्टवेअरला वाटतं, माणसाशी बोललं म्हणजे माणूस आला. 'फोन उचलला नाही' टाकलं तर ओळ उघडी राहते. 'बोलणे झाले' टाकलं की मिटली. समोरचा काय बोलला — येतो म्हणाला, रडला, शिव्या दिल्या, झोपेत हं हं म्हणाला — ते विचारायची सोय नाही. म्हणून मी माझी ओळ पेशंट दारात दिसेपर्यंत बंद करत नाही. त्यासाठी बोलणीही खाते.

आज पोस्टातले आजोबा आले, साखर तपासायला. दर वेळी फोन उचलून आधी सांगतात, "मेलो नाही अजून." आज खिडकीशी येऊन म्हणाले, "तुझ्या पिडण्यामुळे जगतोय." बरं वाटलं. मग पडद्याकडे लक्ष गेलं आणि सगळं बरं वाटणं करपलं.

१२ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार करावी का?

काय होईल? चौकशी होईल. बाई म्हणेल, फोन केला होता. पुरावा काय? तिच्या बाजूला लिहिलेलं आहे, माझ्या बाजूला कुजबुज. वर मलाच ऐकवतील की पेशंटच्या जुन्या ओळी उकरायला कोणी सांगितलं. तिचा एक केसही वाकडा होणार नाही.

मला चौकशी नको आहे. तिला कळायला हवंय. वाट बघत बसणं म्हणजे काय, आपल्याला कोणी बोलावलंच नाही म्हणजे काय — अंगात शिरून कळायला हवंय!

१३ फेब्रुवारी

आज तिच्या चहात मीठ घालावंसं वाटलं. पोरकट. नाही घातलं.

२० फेब्रुवारी

कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी. रक्त, वजन, छातीचा फोटो. हिरवीबाई रांगेत माझ्या पुढेच. वजनकाट्यावर चढताना चपला काढल्या, पर्स ठेवली, मग चष्माही काढून ठेवला. चष्म्याचं वजन किती गं असणार, म्हणून सगळ्या हसल्या. तीही हसली. मी नाही हसले.

मुलीचे दिवस भरत आलेत तिच्या. रांगेतल्या प्रत्येकीला सांगून झालं. एकुलती एक मुलगी, आधी एकदा दगावलं होतं, आता अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलंय, वगैरे वगैरे. मला कशाला सांगतेस बाई? तुझ्या घरच्यांसाठी तुझा जीव तुटतो आणि दुसऱ्याची बहीण म्हणजे एक लाल नंबर?

२६ फेब्रुवारी

मी देव मानत नाही. आज मानावा लागतोय.

सकाळी यादी उघडली. नवीन ओळी आल्या होत्या, तपासणीतल्या. कर्मचारीसुद्धा इथले पेशंटच, त्यांच्याही ओळी पडतात आणि त्या आमच्यात वाटल्या जातात. माझ्या वाट्याला आलेल्यांत एक — हिरवीबाई! छातीच्या फोटोत उजव्या बाजूला डाग. 'मोठ्या मशीनवर तपासणी करावी. पेशंटला बोलवावे, लवकर.'

तेच. शेवटचा शब्दही तोच. लवकर!

ती काचेपलीकडे बसली होती. मी नुसती मान वर केली असती तरी काम झालं असतं. मॅडम, जरा येता का. एवढंच म्हणायचं होतं.

चहा पिऊन आले. दोन पेशंटना फोन केले, नीट, प्रेमानं. मग तिच्या ओळीवर गेले. कारणांची यादी उघडली. 'बोलणे झाले.' टिचकी. हिरवं.

दुसरा विचार केला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

२७ फेब्रुवारी

छान झोप लागली. पाठ दुखली नाही.

२८ फेब्रुवारी

महिनाअखेर. पडदा हिरवागार. मोठे डॉक्टर खूश, हिरवीबाई खूश. त्या हिरव्यात तिचा स्वतःचा नंबर होता! मी हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं, तर तिनंच पाणी आणून दिलं.

४ मार्च

काय झालंय बाईला कळत नाही. एकदम गोड वागायला लागली आहे. माझी खुर्ची पाठीला त्रास देते हे इतक्या दिवसांत तिला दिसलं नव्हतं, आज स्वतःची खुर्ची ढकलत आणून दिली. म्हणाली, "तुझ्यासारखी समजूतदार माणसं कमी असतात."

मस्का! कशासाठी ते कळेना. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं सगळं दिसतं हे उमगलं असेल. मन खात असेल. खाऊ दे. मनाला दात असतील तर आणखी कडकडून खाऊ दे.

खुर्ची चांगली आहे. बसले. म्हणून माफ केलं असं नाही.

९ मार्च

आज दुपारी काचेचं दार लोटून आली, इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई कशा आहेत? शिवण चालू आहे का अजून?"

ताई! शिवण! हिला कसं ठाऊक माझी ताई शिवते ते? मी डब्यासमोर होते. मग लक्षात आलं, नोंदीत वय, पत्ता, व्यवसाय सगळं असतं. म्हणजे बाईनं ताईची ओळ पुन्हा उघडून बघितली. माग काढतेय, मला किती कळलंय त्याचा.

"चालू आहे," म्हटलं. "फक्त बोलणं बंद आहे."

चेहरा पांढराफटक पडला तिचा. आल्या पावली गेली. किती दिवसांनी माझं जेवण अंगी लागलं.

११ मार्च

ताईनं फळीवरचं सामान उतरवून घेतलं. कोण्या गिऱ्हाइकाचे हिरवे पडदे आहेत, शिवून कधीचे पडलेत, न्यायला कोणी येत नाही. मी म्हटलं, उशांना अभ्रे तरी कर त्याचे. ताईनं ते माझ्या हातून काढून घेतले, झटकले, घडी घातली आणि परत वर ठेवले. लोकांच्या वस्तूंवर हिचा फार जीव.

१६ मार्च

हिरवीबाई खोकते आहे.

आधीही खोकत असेल, माझे कान आता उघडलेत. काचेपलीकडून ऐकू येतं. प्रत्येक वेळी मी फोन चालू असतानाही थांबते. आज पोस्टातल्या आजोबांना दोनदा हॅलो म्हणावं लागलं. "आता तू मेलीस की काय," म्हणाले.

घरी आले तर जेवण गेलं नाही. उद्या ओळ परत उघडावी का? उघडता येते. चुकून बंद झाली म्हणायचं. कोणाला कळणारही नाही.

१७ मार्च

उघडणार होते. देवाशप्पथ उघडणार होते!

सकाळीच सगळ्यांसमोर बाईनं मला उभं केलं. माझ्या लाल ओळी सगळ्यांपेक्षा जास्त. "बोलणं झालेलं असताना उघड्या का ठेवतेस? प्रत्येकाला हाताला धरून आणणार आहेस का? ज्याचं तो बघेल ना."

ज्याचं तो बघेल! बरं. बघ मग.

२२ मार्च

मुलगी अजून बाळंत व्हायचीच आहे. बाईचा अर्धा दिवस फोनवर. पाय वर ठेव, जिना उतरू नकोस, मी येतेच. खोकला आला की फोन लांब धरते, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

हे मी का लिहून ठेवते आहे?

२९ मार्च

आज ताईला सांगितलं. सगळं. भावजी बाहेर गेले होते. मला वाटलं, तिला बरं वाटेल. इतके दिवस एकटीनं गिळलेला घास तिच्यासमोर ठेवायचा होता. कोणी केलं ते सापडलं ताई, आणि मी तिला तसंच परत केलंय. छातीत डाग आहे तिच्या आणि तिला पत्ता नाही!

ताईचं मशीन थांबलं.

तिनं मला जवळ ओढलं. तिचं ऐकायचं तर कान तोंडाशी न्यावा लागतो. "फोन आला होता," ती म्हणाली. "खूपदा आला होता."

पुढचं तिनं थांबत थांबत सांगितलं, मध्ये पाणी पीत. ती फोन उचलायची, हो येते म्हणायची आणि जायची नाही. मग एक दिवस हिरवीबाईच दारात आली. पडद्याचं कापड घेऊन. शिवायला टाकायचंय म्हणून, म्हणजे मला संशय यायला नको. मी आत पडून होते. स्टुलावर बसून तिनं ताईला स्पष्ट सांगितलं की हे थांबण्यासारखं नाही. ताईनं तिचे हात धरले. धाकटी अशी पडलीय, तिला उठवायला-बसवायला मीच आहे, हे तिच्या कानावर गेलं तर ती टाके तोडून उठेल. माझी शपथ घातली तिला. तिला म्हणजे हिरवीबाईला! बाई म्हणाली, तुमची ओळ उघडीच राहणार हो, तुमची बहीण कामावर आली की तिला दिसेल. मी काय लिहू?

"मी म्हटलं, बोलणं झालं असं लिहा," ताई म्हणाली. "झालंच होतं की गं."

मला वाटतं मी ओरडले. मी उठून हिंडायला लागल्यावर का गेली नाहीस? तेव्हा कोण पडलं होतं? ताईनं कात्री उचलली आणि परत ठेवली.

"तुझं निमित्त होतं," म्हणाली शेवटी. "मी घाबरले होते."

मग ती उठली, फळीवरून ते हिरवे पडदे काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. उद्या नेऊन दे, अशी खूण केली.

उद्या सणाची सुट्टी! दवाखाना बंद. तिचा घरचा पत्ता मला माहीत नाही. इतकी वर्षं एका खोलीत काम करतो. फोन लावला, तर बंद आहे.

३० मार्च

फोन बंदच. दिवसभर.

३१ मार्च

दार उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. हिरवीबाई आली. मुलीला मुलगा झाला, दोन दिवस तिथेच होते, फोनचं चार्जिंग संपलं, म्हणाली. मी पडदे तिच्या हातात दिले आणि सगळं बोलून टाकलं — डाग, टिचकी, सूड. तिनं ऐकून घेतलं.

"मला पहिल्याच दिवशी माहीत होतं," म्हणाली. "मी सगळ्यांच्या ओळी बघते. तू बंद केलीस, मला वाटलं तू समजून घेतलंस. आभार मानायचे राहून गेले बघ." खोकला आवरला. "आता बाळ लहान आहे. जरा सवड झाली की जाते. तोवर राहू दे तसंच. मुलीला कळायला नको."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही ताईचं ऐकलंत. मी तुमचं ऐकणार नाही."

ओळ परत उघडली. दुपारी मोठे डॉक्टर आले. सगळा पडदा हिरवा आणि मधोमध एक नंबर लाल. कोणाचा, ते तिला ठाऊक, मला ठाऊक. माझ्यावर भयंकर चिडली आहे. उद्या सकाळी तिला हाताला धरून नेणार आहे.